ऊनसुट्टी

"मातीला ताप आलाय का?"

मी विचारलं खरं, आणि त्याच क्षणी वाटलं, ही माती दुभंगून मला पोटात घेईल तर किती बरं होईल.

प्रश्न माझा नव्हताच मुळी. तो आमच्या वकिलीणीच्या सुपीक डोक्यातून निघालेला. वकिलीण म्हणजे आमच्या टीमची कॅप्टन आणि विकेटकीपर. बाईंशी, अंपायरशी, स्वतःच्या आजोबांशी, कुणाशीही ती वाद घालते आणि जिंकते, म्हणून हे नाव. आमच्या शाळेचं मैदान नव्या इमारतीसाठी खणून ठेवलं होतं, त्यामुळे फायनलपर्यंतचा सराव आम्ही या जुन्या ग्राउंडवर करायचो. रोज सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा पिचच्या मधोमध एक मुलगा गुडघे टेकून बसलेला असायचा. डोळे मिटलेले, तळहात जमिनीवर. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"हा रोज करतो काय?" मी एकदा बोलून गेले. झालं. वकिलीणीने विडा उचलून माझ्याच हातात दिला.

"जा, विचार त्याला. ताप आलाय का म्हणावं. नाही विचारलंस तर आठवडाभर सगळ्यांच्या बॅगा तू उचलायच्या."

गेल्या वर्षीची मी असते ना, तर मुकाट बॅगा उचलल्या असत्या. पण यंदा मला कसलंसं वारं लागलंय. केस कापलेत, वर्गात हात वर करते, आरशात स्वतःला डोळा मारते. म्हणून गेले तरातरा, आणि विचारलं.

त्याने डोळे उघडले. हसला नाही. मागे माझ्या मैत्रिणी तोंडावर ओढण्या आणि ग्लोव्ह्ज दाबून खिदळत होत्या, त्यांच्याकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, पुन्हा मातीकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"आज नाही. काल होता."

मी वळून मैत्रिणींकडे बघितलं.

"बघ ना," तो थोडा बाजूला सरकला. "हात ठेव इथे."

मी बसले. ठेवला हात. माती गार होती... माठाच्या पोटासारखी गार.

"गार लागतेय म्हणजे आत ओल आहे. काल दुपारी तापली होती, हात टेकवत नव्हता. तशीच सोडली असती तर भेगा पडल्या असत्या. म्हणून आत्याने संध्याकाळी पाणी दिलं." मग थोडं थांबून, "तू फिरकी टाकतेस ना? काल बघितलं मी. बॉल सगळा गावभर जात होता."

"गावभर नाही जात."

"बरं. अर्ध्या गावात."

मी उठले, गुडघे झटकले आणि मान ताठ ठेवून परत आले. बॅगा वाचल्या होत्या. पण हाताला लागलेली ती गार माती मी पाण्याची सुट्टी होईपर्यंत धुतलीच नाही, हे मात्र कुणाला सांगू नका.

त्या दिवसापासून मैत्रिणींनी त्याचं नाव ठेवलं वैद्य. आणि तो मला म्हणायला लागला, फिरकी.

*

बॉल गावभर जात होता, ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

त्याचं कारण आमच्या घरात होतं. माझे बाबा चष्मेवाले आहेत. भर चौकात दुकान, वर आमचं घर. आई इस्पितळात नर्स. दोघंही फार प्रेमळ, पण दहावीच्या वर्षाने दोघांनाही घेरलेलं. जेवताना एके दिवशी बाबांनी तह मांडला. "फायनल जिंकलीस तर पुढच्या वर्षी अकरावीतही खेळ, मी एक शब्द बोलणार नाही. हरलीस तर किट माळ्यावर. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. तेव्हा आम्ही शाळेच्या मैदानावर खेळत होतो आणि माझ्या बॉलवर भल्याभल्यांच्या दांड्या उडत होत्या. कबूल न व्हायला काय झालं होतं?

या जुन्या ग्राउंडवर मात्र माझी पुरती त्रेधा उडाली. एका बाजूला मोठं झाड, म्हणून ते झाडाचं टोक. दुसऱ्या बाजूला काचेच्या जुन्या कारखान्याचा मनोरा, त्याच्यावर घड्याळ, म्हणून ते घड्याळाचं टोक. झाडाकडून टाकला की माझा बॉल असा वळायचा की वकिलीण बाजूला झेपावून थकायची. घड्याळाकडून टाकला की वळायचाच नाही. हात तोच, बोटं तीच, मनगट तेच. आमची डावरी, म्हणजे डाव्या हाताने बॉलिंग करणारी, ती मात्र कुठूनही टाकून विकेट काढत होती. सर आता तिच्याकडे बघून मान डोलवायचे आणि माझ्याकडे बघून घड्याळ बघायचे.

म्हणून तिसऱ्या का चौथ्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर गेले. फक्त बॉलिंगसाठी हं. वैद्य होताच. आत्याही होती.

आत्या त्याची सख्खी, पण ग्राउंडवर सगळेच तिला आत्या म्हणतात, सरसुद्धा. पिच तिच्या ताब्यात. डोक्याला रुमाल, हातात नळी, आणि बोलणं असं की नळीतलं पाणी परवडलं.

"ही का ती, ताप विचारणारी?" तिने वैद्याला विचारलं.

"हीच."

"हं," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून नळी घेऊन निघून गेली. "स्पाइकचे बूट घालून पिचवर आलीस तर ताप मी आणीन," जाता जाता एवढंच.

वैद्याने माझ्या हातातला बॉल घेतला. मैदानाच्या मधोमध गवतावर अलगद ठेवला आणि हात काढून घेतला.

"बघत राहा."

बॉल क्षणभर थांबला. मग हळूच हलला, जणू कुणी हाक मारली. मग निघालाच. गवतातून, डुलत, कुणाचीही घाई नसल्यासारखा, फाटकाच्या दिशेने. आम्ही दोघं त्याच्या मागे मागे चालत होतो, लग्नातल्या वऱ्हाडासारखे. बॉल थेट सीमारेषेच्या दोरीला जाऊन टेकला.

"इथे पूर्वी तळं होतं," तो म्हणाला. "कारखान्याचं. कारखाना वाढला, तळं आटवलं, आणि कामगारांनी तिथे खेळायला सुरुवात केली. तळाचा उतार तसाच राहिला. पिचची काळी मातीही तळ्यातलीच. म्हणून ओल धरते. म्हणून ताप उशिरा चढतो."

"सपाट का नाही केलं?"

"कधी करणार? जेवणाच्या सुट्टीत खेळायचे ते. सुट्टीत खेळायचं की खणायचं?" त्याने मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "ते घड्याळ बघितलंस? तेव्हापासून थोडं मागे आहे. पहारेकरी त्यांचा विकेटकीपर होता. डाव रंगात आला की काटा मागे सरकवून यायचा."

मी इतकी हसले की झाडावरचे पक्षी उडाले. तो माझ्याकडे बघत होता. मी बघितल्यावर घाईघाईने घड्याळाकडे बघायला लागला. आता, जे घड्याळ मागे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्यात इतका वेळ काय बघावं?

"म्हणजे माझी बोटं बिघडलेली नाहीत," मी म्हणाले.

"बोटं छान आहेत." मग कान लाल. "म्हणजे... पकड. पकड छान आहे. तू उताराशी भांडतेस, एवढंच. झाडाकडून टाकलास की उतार तुझ्या बॉलला ओढून नेतो. घड्याळाकडून टाकलास की धरून ठेवतो, वळू देत नाही."

"मग घड्याळाकडून टाकायचंच कशाला?"

"कारण समोरच्या मुलीला ते माहीत नाही. तुझं मनगट बघून ती म्हणणार, आता वळणार, आता वळणार... आणि बॉल सरळ."

तो पॅड बांधून स्टंपांमागे बसला. तो त्याच्या शाळेचा कीपर, दहावीतलाच. मी घड्याळाकडून टाकत राहिले. वळवण्याची सगळी मेहनत करायची आणि वळू द्यायचं नाही. सुरुवातीला जीव कासावीस झाला. मग एक बॉल पडला, सरळ आत आला आणि मधला स्टंप उखडून गेला. समोर बॅट घेऊन कुणीच नव्हतं, तरी आम्ही दोघांनी एकदमच अपील केलं.

"आउट नाही," नळीमागून आत्या ओरडली. "आधी कुणाला तरी उभं करा तिथे."

*

ऊनसुट्टी मी पहिल्यांदा बघितली ती इथल्या गल्लीतल्या मुलींशी झालेल्या सरावाच्या मॅचमध्ये.

संध्याकाळ कलली होती. डावरी बॉल टाकायला निघणार, इतक्यात झाडाच्या टोकाला बॅटिंग करणाऱ्या मुलीने डावा हात वर केला. नुसता हात. एक शब्द नाही. आणि सगळी माणसं होती तिथे खाली बसली. उन्हाकडे पाठ करून. अंपायर बसले, सर बसले, सायकल धरून उभा असलेला पेपरवाला बसला. आम्हीच वेड्यासारख्या उभ्या.

"बस ना," सीमेजवळून वैद्य म्हणाला. मी सीमेवरच होते. दोरीच्या आत मी, दोरीच्या बाहेर तो.

त्याने सांगितलं. दुसरीकडे पिच उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे ऊन कुणाच्या डोळ्यात जात नाही. पण कामगार खेळायचे भर दुपारी, सूर्य डोक्यावर. त्यांना कसली दिशा? त्यांनी आखलं सोयीचं, पूर्व-पश्चिम. पुढे कारखाना बंद पडला, मॅच संध्याकाळपर्यंत चालायला लागल्या, आणि घड्याळाकडून येणारा बॉल उन्हात दिसेनासा झाला. तेव्हा नियम झाला. डोळ्यावर ऊन आलं की बॅट्समनने हात वर करायचा. खेळ थांबणार. ऊन मनोऱ्यामागे गेलं की पुन्हा सुरू.

"आणि उगीचच हात वर केला तर? विकेट वाचवायला?"

"कुणी करत नाही."

"कधीच?"

"आत्या म्हणते, तिच्या आजोबांपासून कुणी नाही. आणि हात दिसला नाही असंही कुणी म्हणत नाही. हात वर करणाऱ्याने खोटं करायचं नाही, बघणाऱ्यानेही नाही."

माझ्या बाबांना हे सांगायला हवं, मी मनात म्हटलं. उन्हाकडे बघून खेळणारे लोक म्हणजे त्यांच्या दुकानाला बरकत. घरी आलेल्या प्रत्येकाचे ते डोळे तपासतात. दूधवाला, गॅसवाला, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून झालंय.

आम्ही पाठमोरे बसलो होतो. समोर आमच्या सावल्या पडल्या होत्या, लांबच लांब, मैदानाबाहेर झाडापर्यंत. मधे दोरी होती, हातभर अंतर होतं. पण मी सहज मान थोडी कलती केली आणि... तिकडे झाडाच्या बुंध्याशी दोन सावल्यांची डोकी एकमेकांना टेकली.

मी मान सरळ केली. त्याने ते बघितलं होतं.  जरा वेळाने त्याची सावलीही कलली.

"कानात पाणी गेलंय का?" मी विचारलं.

"हो. काल आंघोळ केली होती."

"रोज करत जा. सवय होईल."

ऊन मनोऱ्यामागे गेलं आणि सगळे उठले. इतकी छोटी सुट्टी मी शाळेतही कधी बघितली नव्हती.

*

फायनलच्या आदल्या दिवशी अचानक सर आली. पावसाळ्याची नव्हे, वाऱ्याबरोबर चुकून आलेल्या एखाद्या ढगाची. आत्या ओरडली, "कव्हर!" आणि जो तो धावला. ताडपत्रीचं एक टोक वैद्याने धरलं, दुसरं मी. वारा ताडपत्रीत शिरत होता, ती फुगत होती, आम्हाला ओढत होती. अखेर आम्ही दोघं तिच्या कडेवर वजन म्हणून सरळ बसलो. केसांतून पाणी, नाकावरून पाणी, आणि ताडपत्रीवर असा ताशा की ओरडून बोलावं लागत होतं.

"उद्या जिंकायलाच हवं," मी ओरडले. "नाही तर माझं किट माळ्यावर." बाबांचा तह मी त्याला आधीच सांगितला होता.

"मला तुला एक सांगायचंय..." तो ओरडला.

माझ्या काळजाचा ठोका ताडपत्रीवरून ऐकू आला असता.

"उद्या समोरच्या टीमची कॅप्टन आहे ना... ती माझी ताई आहे."

"काय?"

"जुळी. काही मिनिटांनीच मोठी, पण ताई म्हणायला लावते."

सर थांबली होती आणि मी अजूनही ओरडतच होते. "म्हणजे तू शत्रूच्या घरात राहतोस? तिला हे सगळं येतं, उतारबितार?"

"ती इथेच वाढली. तिला येतं. म्हणून म्हटलं, तुलाही यावं. बरोबरी नको का?"

"पण मला का? आमच्या टीममध्ये अकराजणी आहेत."

त्याने ताडपत्रीवरचं पाणी हाताने निपटलं. पुन्हा निपटलं, आता तिथे पाणीच नव्हतं. "मी लहानपणापासून या मातीला हात लावून बघतो. लोक हसतात, काहीबाही बोलतात, वेडा म्हणतात. ताप आलाय का असं... कुणी विचारलं नव्हतं."

तो माझा प्रश्न नव्हता, वकिलीणीचा होता, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्या ग्लोव्ह्जमध्ये खिदळणाऱ्या कोण होत्या मग? पण हात तर तूच ठेवलास.

*

फायनलला सगळी शाळा लोटली होती. आई-बाबा मात्र नव्हते. आईची ड्यूटी, बाबांचं दुकान. "निकाल घेऊन घरीच ये," बाबा म्हणाले होते, आणि माळ्याकडे जायचं स्टूल त्यांनी मुद्दाम, अगदी मुद्दाम, स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं.

आमच्या धावा बऱ्या झाल्या. त्यांच्या विकेट पडत गेल्या, पण ताई एका बाजूला खुंटा ठोकून उभी. भावासारखीच शांत. दोन विकेट मी काढल्या, दोन्ही घड्याळाकडून, दोन्ही न वळलेल्या बॉलवर. सर माझ्याकडे बघून मान डोलवायला लागले होते. सीमेबाहेर वैद्य बसला होता. एकीकडे बहीण, एकीकडे मी. बिचारा टाळ्या वाजवायला हात उचलायचा आणि नाक खाजवायचा.

शेवटी असं झालं. त्यांना चार धावा हव्या, आम्हाला एक विकेट. बॅटवर ताई, झाडाच्या टोकाला. बॉल माझ्या हातात, घड्याळाच्या टोकाला. माझ्या पाठीमागे ऊन.

मी निघाले. हात वर गेला, मनगट वळलं, बॉल बोटांतून सुटता सुटता मी समोर बघितलं, आणि ताईचा डावा हात वर होता.

निमिषभरच. बॉल सुटलेला बघून तिने हात झटकन बॅटवर आणला. पण उशीर झाला होता. बॉल पडला, सरळ आत आला. दांडी उडाली.

अंपायर माझं पाऊल बघत होते, त्यांनी मान वर केली ती स्टंपच्या आवाजाने. बोट वर गेलं. आमच्या पोरी किंचाळत माझ्या अंगावर कोसळल्या. वकिलीण तर मला उचलून फिरवत होती. आणि त्या गोंधळात, तिच्या खांद्यावरून, मला ताई दिसली. ती ग्लोव्ह काढत तंबूकडे निघाली होती.

ती बोलणारच नव्हती. हात दिसला का, हे बघणाऱ्याने सांगायचं.

सगळे फिल्डर डोळ्यांवर हात धरून उभे होते. उन्हात कुणाला काय दिसणार? ऊन फक्त माझ्या पाठीला होतं. म्हणजे अख्ख्या मैदानात तो हात बघणारी बहुधा मी एकटीच. गप्प राहिले असते तर कप, किट, पुढचं वर्ष, हे ग्राउंड... सगळं माझं. आणि पुढच्या सगळ्या सकाळी मी याच मातीला हात लावला असता. कुठल्या तोंडाने?

"मला खाली ठेव," मी वकिलीणीला म्हणाले. मग अंपायरकडे गेले. "सर, तिचा हात वर होता."

"मी नाही बघितला."

"मी बघितला."

आमच्या पोरींचा नाच जागच्या जागी थांबला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" वकिलीण. "अंपायरने आउट दिलंय. अपील मागे घ्यायची कायदेशीर गरजच नाही. नियम काढ, कुठे लिहिलंय दाखव."

"कुठेच नाही लिहिलेलं," मी म्हणाले. "म्हणून तर पाळायचं."

 आयुष्यात पहिल्यांदाच वकिलीण वाद हरली होती, आणि त्याचा आनंद घ्यायला मला वेळ नव्हता. अंपायरनी ताईला परत बोलावलं. मग सगळे बसले. ऊनसुट्टी.

माझ्याजवळ कुणी बसलं नाही. आमच्या दहाजणी दूर घोळका करून, माझ्याकडे पाठ करून. उन्हाकडेही पाठ आणि माझ्याकडेही, त्यासाठी त्यांना बऱ्याच कसरती कराव्या लागल्या. मी एकटीच आपल्या सावलीकडे बघत बसले. रडू आवरायला सावलीची बोटं मोजत होते. तेवढ्यात शेजारी दुसरी सावली येऊन बसली.

ताई होती. बॅट मांडीवर घेऊन, समोर बघत म्हणाली, "तू वेडी आहेस."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"घरी ऐकून ऐकून कान किटले होते. फिरकी अशी, फिरकी तशी, फिरकी आज हसली. मला वाटायचं हा अति करतो." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "कमीच सांगत होता."

रडू कुठल्या कुठे गेलं. ऊन मनोऱ्यामागे गेलं, आणि मला वाटलं, आता टाकते बघ हिला.

टाकला. तोच बॉल, त्याच जागी. पण आता तिला तो दिसत होता, आणि उतार तर तिच्या ओळखीचाच. तिने तो पायाजवळून नुसता ढकलला, फाटकाकडे. काही जोर नाही. डावरी मागे धावली. बॉल मंदावला. थांबला... थांबलाच म्हणा ना. आमच्या पोरी ओरडल्या.

आणि मग तो हळूच हलला, जणू कुणी हाक मारली. गवतातून, डुलत, कुणाचीही घाई नसल्यासारखा. मी तिथेच उभी राहून बघत होते. तो कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. डावरीने झेप घेतली आणि तिच्या बोटांपुढून बॉल दोरीला जाऊन टेकला.

चार.

*

सगळे गेले. वकिलीण जाताना माझी बॅग उचलून फाटकापर्यंत घेऊन गेली. बोलत नव्हती, पण बॅग तिने उचलली होती. "उद्यापासून भांडीन," एवढंच म्हणाली.

पिचवर वैद्य गुडघे टेकून बसला होता. मी जाऊन समोर बसले. घाम, माती, विस्कटलेले केस, आणि डोळ्यांत थोडं पाणी. आरशात स्वतःला डोळा मारावा असं काही नव्हतं.

"मातीला ताप आलाय का?" मी विचारलं.

त्याने हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "मातीला नाही."

"मग?"

"मला आहे बहुतेक."

मी त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. मातीवर, दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवून. माती कोमट होती, दिवसभर खेळून दमलेली.

"केव्हापासून?"

"तू विचारलंस तेव्हापासून." मग घाईघाईने, सगळा श्वास एकदम सोडून, "मला तू आवडतेस. बॉलिंगसाठी नाही. म्हणजे बॉलिंगही आवडते. पण... आज नसतं सांगितलंस तरी आवडली असतीस. फक्त मग ते आवडणं माझं मलाच आवडलं नसतं."

"हे पाठ केलं होतंस?"

"थोडं. शेवटचं नव्हतं केलेलं."

"शेवटचंच चांगलं होतं," मी म्हणाले. आणि मलाही तो आवडतो हे मी सांगितलं का? सांगितलं. पण ते वाक्य माझं आहे, इथे लिहिणार नाही.

"मग आता... माळा?" त्याने हळूच विचारलं.

मी उठले. गुडघ्याची माती झटकली नाही. "रविवारी आमच्या घरी ये," मी म्हणाले. "चहाला. पण आधी मला घरी जाऊन एक काम करायचंय."

"रोलर इकडे आण," लांबून आत्या ओरडली. "ताप उतरला असेल तर."

*

मी दार उघडलं तेव्हा आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. बाबा स्टूलवर बसून पेपर वाचत होते. हो, त्याच स्टूलवर. माझा अवतार बघून दोघंही उभे राहिले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"हरलो. माझ्यामुळे."

आणि मी सगळं सांगितलं. उतार, ऊन, हात, बोट, चार धावा. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. स्टूलकडे बघितलं. आई जवळ आली, सवयीने पालथा हात माझ्या कपाळावर ठेवला.

"चेहरा किती लाल झालाय. ताप आहे का गं तुला?"

"आज नाही," मी म्हणाले. "काल होता."

मग मी ते स्टूल उचललं, जागेवर नेऊन ठेवलं, किटची बॅग त्यावर मांडली आणि दोघांसमोर उभी राहिले.

"बाबा, तह मी मोडतेय, आणि तोंडावर सांगून मोडतेय. किट माळ्यावर जाणार नाही. अभ्यास मी करीन, कसा ते आई ठरवेल, पण पुढच्या वर्षी मी खेळणार, आणि त्याच ग्राउंडवर खेळणार. आणि रविवारी एकजण चहाला येणार आहे. त्याचे डोळे तपासायचे नाहीत. त्याला नीट दिसतं."